आमच्या अमेरिकेची उजवी बाजू

लग्न होऊन मी निपाणीहून बंगलोरला आले ते पन्नासच्या दशकाच्या मध्यात. सिटी स्टेशनाबाहेर आम्हाला न्यायला जी गाडी उभी होती, ती पाहून मला वाटलं, ही एखाद्या संस्थानिकाची असणार आणि आपला टांगा हिच्या मागे उभा असेल. काळपट हिरवा रंग, तोंडाशी चकचकीत पट्ट्यांची जाळी, दोन्ही अंगांना पाय ठेवायला लांब फळ्या. निपाणीच्या आमच्या गल्लीत ती शिरली असती, तर तिला वळायला जागा मिळाली नसती. टांगा नव्हताच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, डावीकडचं दार उघडून आत बसले. ड्रायव्हर कुठे गेला म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तोवर गाडी सुरू झाली. त्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे होतं.

आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने चालतात. डावीकडे बसून गाडी हाकणाऱ्याला फुटपाथ उत्तम दिसतो, पण पुढच्या लॉरीच्या पलीकडे काय आहे ते काही केल्या दिसत नाही. म्हणून त्या गाडीला उजवीकडे एक माणूस लागायचा. तो खिडकीतून मान काढून बघायचा आणि रस्ता मोकळा असला की 'चला' म्हणायचा. वळायचं असलं की हातही त्यानेच बाहेर काढायचा. माझ्या वरातीच्या दिवशी हे काम नवरदेवाकडे होतं. फेटा बांधलेले हे, म्हणजे माझे यजमान, स्टेशनापासून चामराजपेटपर्यंत अर्धे बाहेर लोंबकळत होते. मागच्या सीटवर मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना घरात सगळे अत्या म्हणत, मीही तेच म्हणू लागले. एका वळणावर ह्यांचा फेटा सुटायला आला तेव्हा अत्या म्हणाल्या, "बघू नकोस तिकडे. त्याला आवडत नाही हे काम."

गाडी घरात कशी आली ते मला पुढे हळूहळू कळलं. मामंजींचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं, त्यांच्या वडिलांपासूनचं. लढाईच्या काळात बंगलोरला विमानं दुरुस्त करायला अमेरिकन लोक आले होते. त्यांतला एक इंजिनियर आपल्या आईसाठी रेशमी कापड घ्यायला दुकानात आला. मामंजींचं इंग्रजी साड्या विकण्यापुरतं, आणि त्याला तर साडी म्हणजे काय तेच समजावून द्यावं लागलं. तरी दोघांचं जमलं. तो पुढेही येत राहिला, गादीवर मांडी घालून बसायला शिकला, कॉफी पिऊ लागला. लढाई संपून परत जायची वेळ आली तेव्हा त्याने जहाजातून आणवलेली आपली गाडी मामंजींना दिली आणि मोकळ्या मैदानात नेऊन ती चालवायलाही शिकवली. मामंजी तोवर सायकलवरसुद्धा बसले नव्हते. एकदम बसले ते ह्या गाडीत.

त्या माणसाने गाडीबरोबर आपली भाषाही मागे ठेवली. मामंजी पेट्रोलला गॅस म्हणत, बॉनेटला हुड म्हणत आणि डिकीला ट्रंक म्हणत. ह्यात आपण काही वेगळं बोलतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मला ते पहिल्यांदा भोवलं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. बसवनगुडीला नात्यात डोहाळजेवण होतं. आमच्याकडून लाडवांची परडी जायची होती. मामंजी माझ्याशी एरवी बोलत नसत, सासऱ्यांनी सुनेशी बोलायची पद्धतच नव्हती. त्या दिवशी घाईत म्हणाले, "सूनबाई, परडी ट्रंकेत ठेव." मी माडीवर गेले, लोखंडी ट्रंकेतल्या साड्या काढल्या, खाली कागद घातला, परडी आत ठेवली आणि वर कडी लावली. लाडू ट्रंकेत कशाला, असा प्रश्न मला पडला होता. पण नव्या सुनेला असले प्रश्न पडले तरी ती विचारत नाही. बसवनगुडीला पोचल्यावर मामंजींनी डिकी उघडली. आत स्टेपनी होती आणि दोरी होती. त्यांनी दोरी उचलून खाली बघितलं. मग मला विचारलं, "परडी?"

"ट्रंकेत," मी म्हटलं.

"ही ट्रंक."

"माडीवरच्या," मी म्हटलं.

अत्यांनी पदर तोंडाला लावला. मामंजी एकटे परत गेले, परडी घेऊन आले, आणि तेवढ्या वेळात डोहाळजेवण उरकून गेलं होतं. लाडू आम्ही येताना थोडे वाटले नि थोडे परत आणले. त्यानंतर घरात कुठलीही वस्तू ठेवायला सांगताना मामंजी आधी "गाडीच्या" असं स्पष्ट म्हणू लागले. आमच्यातला पहिला संवाद तो.

गाडीचं खरं नाव कंपनीने तिच्या पाठीवर पितळी अक्षरांत लिहिलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. घरात तिला अमेरिका म्हणत. अमेरिका धुतली का, अमेरिकेत छत्री राहिली, आज अमेरिका तापली, असं सगळं सहज बोललं जायचं. आमच्याकडे नवीन आलेला पाहुणा थोडा वेळ गोंधळायचा. तिच्यात अमेरिकेहून आलेल्या पुष्कळ सोयी होत्या. त्यांतल्या ज्या आमच्या उपयोगाच्या नव्हत्या, त्यांना अत्यांनी कामाला लावलं होतं. सिगरेटची राख झाडायच्या डबीत त्या कातरलेली सुपारी ठेवत. सिगरेट पेटवायचं एक बटण होतं, ते दाबलं की थोड्या वेळाने लाल होऊन बाहेर यायचं. घरात सिगरेट कुणी ओढत नव्हतं, पण खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची तेव्हा उदबत्ती त्याच बटणावर पेटवली जायची. अत्या म्हणत, तिची पूजा तिच्याच विस्तवाने झालेली बरी.

डावीकडच्या स्टेअरिंगचा एक फायदा मात्र खरा होता. मामंजी फुटपाथला लागून बसलेले असत. गांधीबाजारात गाडी उभी करायची, खाली न उतरताच वांग्यांना हात लावून बघायचा, मोगऱ्याचा गजरा घ्यायचा, आणि पुढे जायचं. भाजीवाल्या त्यांना ओळखत. एक म्हातारी त्यांच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी टाकून द्यायची आणि मग कन्नडमध्ये बोलत बसायची, आणि मागे खोळंबलेल्या टांग्यांच्या घंटा वाजत राहायच्या.

उजवीकडच्या जागेवर पूर्वी अत्या बसत. ते त्यांनी का सोडलं, हे त्यांनीच मला सांगितलं. टाउन हॉलपाशी एकदा मामंजी एका लॉरीमागे होते. त्यांनी विचारलं, जाऊ का? अत्यांनी बघितलं आणि जा म्हटलं. मामंजींनी "नक्की?" म्हणून विचारलं. अत्या पुन्हा बघून 'जा' म्हणाल्या, तोवर समोरून बस आली. बस थांबली, गाडी थांबली, कुणाला काही झालं नाही. पण मामंजी म्हणाले, "तुझ्या भरवशावर बसलो तर मेलोच." अत्यांनी दार उघडलं, भर रस्त्यात उतरल्या आणि चालत घरी आल्या. त्यानंतर त्या गाडीत मागे बसत आणि रस्त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. राहिला मुलगा, म्हणजे आमचे हे. तो ऑफिसात नोकरीला, सायकलवर जाणारा. त्याला ह्या अवाढव्य गाडीची लाजच वाटायची. तो ह्या कामातून सुटायची संधी शोधत होता, आणि मी घरात आले.

एका रविवारी लालबागेला जायचं ठरलं. हे म्हणाले, "अण्णा, हिलाच बसू दे पुढे. हिला गाव बघायचं आहे." घरात मामंजींना मुलं अण्णा म्हणत.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "तिला सांगता येईल का?"

"येईल," हे म्हणाले आणि मागच्या दाराने आत शिरून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

अशी मी उजवीकडे बसू लागले. अडचण अशी होती की सासऱ्यांना हाक कशी मारायची आणि हुकूम कसा सोडायचा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत कॉफी नेतानाही मी डोक्यावरचा पदर सावरत असे. आणि आता म्हणायचं, थांबा. म्हणायचं, जा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मामंजी, आपण आता पुढे गेलात तर चालेल असं वाटतं." एवढं म्हणून होईपर्यंत रस्ता पुन्हा भरला होता. तीनदा असंच झालं. मग मामंजी सरळ समोर बघत म्हणाले, "सूनबाई, गाडीत मान नको देऊ. एक शब्द सांग."

मग मी एक शब्द सांगू लागले. चला. थांबा. स्वल्प थांबा. सरी, चला. स्वल्प आणि सरी हे शब्द मी घरातूनच उचलले होते, थोडं आणि ठीक एवढ्याच अर्थाचे, पण गाडीत फार उपयोगी. थोड्याच दिवसांत मला ती जागा आवडू लागली. माझा बांगड्यांचा हात वळणाआधी खिडकीतून बाहेर यायचा, आणि चौकातला पोलीस आधी हाताकडे, मग माझ्याकडे, मग माझ्यापुढे स्टेअरिंग नाही ह्याकडे बघायचा. ज्याला गाडी माहीत नव्हती त्याला एक बाई हातात काही न धरता गाडी चालवते आहे असंच दिसायचं. एकदा चिकपेटेच्या तोंडाशी एका हमालाने डोक्यावरचा गठ्ठा खाली ठेवून मला नमस्कार केला होता. मीही केला.

घरी परतलो की आम्ही पुन्हा बोलत नसू. ते पुढच्या दाराने आत जात आणि मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात, हे काही कुणी ठरवलं नव्हतं. मामंजी तक्क्याला टेकून बसत, मी कॉफी ठेवून निघून जाई. गाडीतलं बोलणं गाडीत राहायचं.

अशी काही वर्षं गेली. मला दोन मुलं झाली, ती मागच्या सीटवर वाढली. गाडीही म्हातारी होत होती. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, परदेशातून काही आणणं बंद झालं होतं. चढ लागला की पाणी उकळायचं आणि हुडच्या फटीतून वाफ यायची. मग सगळे उतरून झाडाखाली बसायचे. अत्या अशा वेळी लागेल म्हणून पाण्याची कळशी आणि चिवड्याचा डबा दोन्ही बरोबर ठेवत, आणि आमच्या मुलांची अशी समजूत झाली होती की चिवडा खाण्यासाठीच गाडी थांबवावी लागते.

एका दुपारी बसवनगुडीहून परत येताना डावीकडे रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी होती. शेंगांची पोती भरलेली, बैल सोडलेले. माझं लक्ष उजवीकडे होतं, कारण माझं काम तेच. डावीकडचं मामंजींनी बघायचं. सहज मान वळवली तर आम्ही सरळ त्या बैलगाडीवर चाललो होतो. मी "थांबा" म्हटलं. आम्ही थांबलो तेव्हा आमचा बंपर पोत्याला टेकला होता. पोतं थोडं उसवलं, मूठभर शेंगा हुडवर सांडल्या. गाडीवान झाडाखालून उठून आला. मामंजींनी त्याची समजूत घातली आणि मला म्हणाले, "ऊन डोळ्यावर आलं."

ऊन आमच्या पाठीमागे होतं.

मी घरात कुणाला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी दोन्हीकडे बघू लागले. कडेला सायकल असली तर सांगायची, गाय बसली असली तर सांगायची. ह्यांना वाटलं मला बडबडायची सवय लागली. मामंजी मात्र प्रत्येक शब्द ऐकत होते. मी 'डावीकडे गाय' म्हटलं की त्यांचे हात लगेच वळत. 'मला दिसते की' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तेव्हा मला कळलं की त्यांना फार थोडं दिसतं आहे. गाडीचं चाक त्यांच्या हातात होतं आणि गाडी मी तोंडाने चालवत होते. मागे माझी दोन मुलं बसलेली असत.

एका सकाळी ते अंगणात गाडी पुसत होते. जाळीच्या पट्ट्या त्यांनी लख्ख केल्या होत्या, आणि दारावर कावळ्याने केलेली घाण तशीच होती. तिच्या शेजारून फडकं दोनदा गेलं. मी तुळशीला पाणी घालायला आले होते. तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, "मामंजी, मी आता पुढे बसणार नाही."

त्यांनी विचारलं, "का?"

"उजवीकडचंही मी सांगते आणि डावीकडचंही मीच सांगते."

"मग मी काय बघतो?"

"तेच विचारते आहे," मी म्हटलं.

हे असं मी अंगणात बोलले, गाडीत नाही. ते बराच वेळ फडकं पिळत राहिले. त्यातलं पाणी केव्हाच निघून गेलं होतं. मग आत गेले. त्यांनी किल्ली खुंटीला लावली आणि गाडी बंद झाली. अत्यांनी मला विचारलं, काय झालं ग? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. हे म्हणाले, अण्णांना कंटाळा आला असेल, बरंच झालं. मामंजी दुकानात चालत जाऊ लागले. जाताना ते घरांच्या कट्ट्यांना हात लावत जातात, हे मी वरच्या खिडकीतून बघितलं.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, एका सकाळी, हे ऑफिसात निघून गेल्यावर, मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तिथे ते कधी येत नसत. म्हणाले, "सूनबाई, चपला घाल आणि डावीकडे बस."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. अत्या पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "ती? अमेरिका?"

"मुलगा चालवणार नाही. मला चालवता येणार नाही. मग आणखी कोण राहिलं?" मामंजी म्हणाले. आपल्याला दिसत नाही हे त्यांनी बायकोला सांगितलं ते एवढंच, आणि तेही असं आडून.

अत्यांनी लाटणं ठेवलं. माझ्या पायांकडे बघितलं. त्या काळी मी पाचवारी पातळ नेसत असे. त्या म्हणाल्या, "हे नेसून नको. पायात येईल. थांब." आत जाऊन त्यांनी आपलं नऊवारी लुगडं आणलं. "कासोटा घाल, पाय मोकळे राहतील." त्या लुगड्यातच मी गाडी शिकले, आणि पुढेही गाडी काढायची म्हटली की मी आधी नऊवारी नेसायची. आमच्या जावा-नणंदांत माझ्या ह्या जुन्या वळणाचं कौतुक व्हायचं. त्यामागे क्लच आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

घराजवळच्या मैदानात आमची शिकवणी सुरू झाली. मामंजी उजवीकडे, माझ्या जागी, मांडीवर हात ठेवून बसत. त्यांना बघता येत नव्हतं म्हणून ते ऐकत. "इंजिन कण्हतंय, खाली घे." "आता गॅस दे." "सोड पाय, सोड, हळू." गिअर स्टेअरिंगखालच्या दांड्याला होता, तो टाकताना पहिल्या दिवसांत असा आवाज यायचा की मैदानात चरणाऱ्या शेळ्या पळून जायच्या. मामंजी नाक मुरडत, पण रागावले कधी नाहीत. एकदाच म्हणाले, "मला शिकवताना तो अमेरिकन दात काढून हसायचा. मला ते आवडत नसे. म्हणून मी हसत नाही."

मग लायसन्स. परीक्षा घ्यायला आलेले साहेब सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसले, आणि समोर स्टेअरिंग नाही बघून क्षणभर हातच कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. ड्रायव्हरच्या जागेवर आपण आणि गाडी चालवणार दुसरं कुणी, ही कल्पनाच त्यांना सोसेना. मी सुरुवात केली तसा त्यांचा उजवा पाय फळीवर ब्रेक शोधू लागला. "अम्मा, स्वल्प निधान," ते म्हणत होते, म्हणजे जरा हळू. मी हळूच होते. पुढे एक टांगा लागला. मी त्यांना विचारलं, "साहेब, जाऊ का? तुमच्या बाजूने दिसतं, मला दिसत नाही." साहेबांनी मान बाहेर काढली, नीट बघितलं आणि म्हणाले, "होगी." जा. त्यांनी सांगितलं तसं मी केलं, त्यामुळे त्यांना मला नापास करता आलं नसावं.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच धरून म्हणाले, "तू? अण्णांना विचारलंस का?"

"त्यांनीच शिकवलं."

ह्यांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसवरून नेऊ नकोस म्हणजे झालं."

पण मुख्य अडचण अजून उरलीच होती. मी डावीकडे आले, आणि उजवीकडे मामंजी, ज्यांना दिसत नव्हतं. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने आम्ही कुणालाच मागे टाकलं नाही. पुढे बैलगाडी लागली की तिच्यामागे बैलाच्या चालीने जायचं. मामंजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण इंजिन तापायचं, आणि मागून हॉर्न वाजत राहायचे. एकदा कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या हातगाडीमागे आम्ही दुकानापर्यंत गेलो, ती वरातच झाली.

एका रविवारी लालबागेला निघताना अत्या मागच्या दाराशी गेल्या, थांबल्या, आणि पुढे आल्या. मामंजी उजवीकडे बसलेले होते. त्या म्हणाल्या, "सरका."

मामंजींनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "मागे बस की."

"मागे बसून मला अजून किती बैलांच्या शेपट्या बघायच्या आहेत? सरका तिकडे."

पुढची सीट अखंड होती, बाकासारखी. मामंजी मध्ये सरकले. तेव्हापासून आम्ही तिघं पुढे बसू लागलो. मी डावीकडे नऊवारीत, मध्ये मामंजी गिअरच्या दांड्याला लागू नयेत म्हणून गुडघे एका अंगाला घेऊन, आणि उजवीकडे अत्या. अत्या सांगायच्या ते ऐकण्यासारखं असे. "थांब, लॉरी आहे. लॉरीमागे अजून एक. हा मेला सायकलवाला मध्येच. आता जा. जा ग, बघतेस काय." नक्की का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. मामंजींनी एकदा तोंड उघडलं होतं, पण मग मिटलं.

मागे हे आणि मुलं. हे वर्तमानपत्र वाचत, आपण टॅक्सीत बसल्यासारखे.

साठच्या दशकाच्या मध्यावर मामंजींच्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. इस्पितळात त्यांना मीच नेलं आणि मीच आणलं. येताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि ते मध्ये बसून गिअर ऐकत होते. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. चष्मा लावून ते पहिल्या दिवशी अंगणात गेले आणि गाडीभोवती फिरले. मी दाराशी उभी होते. डाव्या मडगार्डवरचा लांब ओरखडा त्यांनी बोटाने चाचपला.

"हे?"

"मैदानातली शेळी," मी म्हटलं. "म्हणजे तिचा खुंटा."

"आणि हे?"

"तो आपला दरवाजा."

त्यांनी मान हलवली. मग किल्ली मागितली आणि एकटेच मैदानाकडे गेले. थोड्या वेळात परत आले. गाडी फाटकाबाहेर उभी केली, आत आणली नाही. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच आत घे. मला आता दारं अंगावर आल्यासारखी दिसतात." त्यानंतर त्यांनी किल्ली मागितली नाही. मध्ये बसायची त्यांना सवय झाली होती, आणि मला वाटतं ती जागा त्यांना आवडतही होती. चष्म्यामुळे आता त्यांनाही रस्ता दिसायचा, पण 'चला' आणि 'थांबा' अत्याच म्हणत.

पुढे गाडी चालेना. एकदा बंद पडली की भाग मिळेपर्यंत महिना महिना अंगणात उभी राहायची, आणि मुलं तिच्यात बसून अभ्यास करायची. कोलारकडच्या एका आंब्याच्या बागायतदाराने ती मागितली. त्याच्या गावात लग्नात नवरदेवाला मिरवायला त्याला मोठी गाडी हवी होती. ती किती लांब जाते ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचा ड्रायव्हर येऊन बघून गेला. डावीकडून चालवायला आपल्याला जमणार नाही, निदान शहरातून तरी नाही, असं तो सरळ म्हणाला. तेव्हा गाडी पोचवायला आम्हीच निघालो, तिघं. हे स्टेशनच्या बाजूला आपलं काम होतं म्हणून आले नाहीत.

वाटेत लागणारं महादेवपुरा तेव्हा गाव होतं. रस्त्याला दोन्हीकडे नाचणीची शेतं, मध्ये तळं. गाडी त्या दिवशी एकदाही तापली नाही, त्यामुळे चिवड्याचा डबा तसाच राहिला. बागायतदाराच्या अंगणात गाव जमलं होतं. मी उतरले तेव्हा नऊवारीतल्या बाईने ही गाडी आणली ह्यावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते. ते मामंजींनाच गाडीबद्दल विचारू लागले. मामंजी म्हणाले, "हिला विचारा. मी मधला आहे."

मी त्या ड्रायव्हरला सगळं दाखवलं. पाणी कधी घालायचं, दुसरा गिअर कसा दाबून टाकायचा. उजवीकडे माणूस लागतो हेही सांगितलं. अत्यांनी राखेच्या डबीतली सुपारी आपल्या बटव्यात ओतून घेतली. बागायतदाराने आम्हाला आंब्यांची करंडी दिली आणि फाट्यापर्यंत बैलगाडीतून सोडलं.

परतीच्या बसला गर्दी होती. अत्यांना आणि मला बायकांच्या सीटवर जागा मिळाली, मामंजी मागे कुठेतरी दांडीला धरून उभे राहिले. होसकोटला बस थांबली तेव्हा ते खिडकीपाशी आले आणि कागदात बांधलेल्या गरम शेंगा अत्यांच्या हातात देऊन पुन्हा आत गेले. अत्यांनी अर्ध्या मला दिल्या. आम्ही शेंगा सोलत बसलो. दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. हे ओट्यावर उभे होते, गाडी नीट पोचली का म्हणून त्यांनी विचारलं. मी पोचली म्हटलं, आंब्यांची करंडी त्यांच्या हातात दिली आणि लुगडं बदलायला आत गेले.